टाकी सोडून सगळं तपासलं

डिझेलची गाडी रस्त्यात बंद पडली की माणूस आधी खाली उतरतो आणि बॉनेट उघडतो. का उघडतो, हे मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही. आत बघतो, मान हलवतो, एखाद्या वायरीला बोट लावतो आणि बॉनेट तसंच उघडं टाकून झाडामागं जाऊन येतो. आला की पुन्हा आत बघतो. जसं काही तेवढ्या वेळात कुणी येऊन काम करून गेलं असेल.

मग तो मला फोन करायचा. थळच्या अलीकडं, रस्त्याला लागून माझं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, पुढं भेंडीचं झाड आणि वर पाटी : ‘येथे डिझेल पंप व नोझलचे काम खात्रीने केले जाईल.’ त्यातला ‘खात्रीने’ हा शब्द मी पेंटरला सांगून बाकीच्यांपेक्षा दुप्पट मोठा काढून घेतला होता. माझं शिक्षण चौथी. चौथीतही मास्तरांनी मला वर ढकललं, कारण त्यांच्या सायकलची पडलेली चेन मी रोज बसवून द्यायचो. तेव्हा या लिखाणात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर ते छापणाऱ्यांनी बघून घ्यावं. गाडीबद्दल काही चुकलं असेल असं मला वाटत नाही.

दोन वर्षं झाली, गुडघे वाकत नाहीत म्हणून गॅरेज बंद केलं. लोक विचारतात, एवढ्या गाड्या केल्या, त्यातलं कुठलं काम लक्षात राहिलं? मी त्यांना त्या मुंबईवाल्याचं सांगतो, ज्यानं डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलं आणि चूक कळल्यावर तेवढंच डिझेल वरून ओतलं, म्हणजे फिटंफाट. किंवा त्या वऱ्हाडाच्या गाडीचं सांगतो, जिच्या टाकीचं झाकण हरवलं म्हणून कुणीतरी तिथं बटाटा ठोकून बसवला होता. बटाटा बसतो चांगला. फक्त मोठा खड्डा आला की आत जातो. लोक हसतात, चहा पाजतात.

पण खरं लक्षात राहिलेलं काम मी आठ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. ते चांगुणाबाईच्या पिकअपचं.

चांगुणाबाई आमच्या बंदरावर मासळी घेणारी. सकाळी होड्या लागल्या की लिलावात उभी राहायची आणि हिचा आवाज ऐकून बाकीच्या अर्ध्या बाया आपापल्या टोपल्या उचलून बाजूला व्हायच्या. नवऱ्याच्या मागं तिनं धंदा सोडला नाही. नवऱ्यानं घेतलेली पिकअप होती, तिच्यातून ती मासळी पनवेलला न्यायची. गाडी तेव्हाच सोळा-सतरा वर्षांची. खालचा पत्रा खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेला, वरून बर्फाचं पाणी गळून गळून राहिलेलाही खाल्लेला. तिचा ड्रायव्हर नथू. पन्नाशीचा, काटकुळा, गाडीवर जीव. दिवसभर सरळ आणि संध्याकाळी वाकडा. म्हणजे घ्यायचा.

त्या साली शिमगा झाला आणि चांगुणाबाईची गाडी खिंडीत बंद पडायला लागली.

नथू सांगत आला, “मिस्त्री, खिंड चढताना तिसऱ्या वळणाला बंद पडते. रोज तिथंच. दहा मिनिटांनी चालू होते.”

“आपोआप?”

“आपोआप कशी होईल? नारळ फोडतो ना.”

झालं होतं असं. पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा ती मागं सरकू नये म्हणून नथूनं चाकाला लावायला दगड शोधला. काजऱ्याच्या झाडाखाली एक चांगला उभट दगड होता, तो उचलला. चाकाखाली घातला आणि मग त्याला दगडावर लाल रंग दिसला. त्याला वाटलं शेंदूर. देवाला आपण चाकाखाली घातलं! त्यानं दगड परत जागेवर नेऊन ठेवला, समोरच्या महादूच्या चहाच्या टपरीतून नारळ आणला, शेंडी सोलली, धुतला, फोडला, महादूला खोबरं दिलं, स्वतः खाल्लं. मग चावी फिरवली, तर गाडी चालू.

तो लाल रंग रस्त्याच्या मापाची खूण करायला आलेल्या लोकांनी मारलेला होता. मी त्यांना मारताना बघितलं होतं. हे मी नथूला सांगितलं. तो म्हणाला, “त्यांनी दुसऱ्या दगडावर का न्हाय मारला?”

आता ज्यांचा गाडीशी संबंध फक्त बसण्यापुरता आहे त्यांच्यासाठी सांगतो. डिझेल गाडीत ठिणगी नसते. टाकीतून एक नळी निघते. एक छोटा पंप त्या नळीतून तेल ओढतो, त्यावरच एक हाताने दाबायचं बटण असतं, त्याला आम्ही हातपंप म्हणतो. पुढं फिल्टर, तो तेल गाळतो. पुढं मोठा पंप, तो तेल असं दाबतो की नोझलमधून धूर उडाल्यासारखा फवारा निघतो आणि तो आतल्या गरम हवेत पेटतो. बस्स. एवढ्या रस्त्यात कुठं हवा शिरली किंवा तेल अडलं, की गाडी उभी. मिस्त्रीचं काम म्हणजे कुठं अडलं ते शोधणं. बाकी पाने काय, कुणीही फिरवतं.

मी म्हटलं, मी स्वतः येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बसलो. नथू चालवायला, दाराशी चांगुणाबाई, मधे मी, आणि मागं जागा नाही म्हणून माझ्या पायांशी चिंबोऱ्यांची टोपली. वर ओलं गोणपाट टाकलेलं.

“बांधलेल्या हायत ना?” मी विचारलं.

“बांधल्याव,” चांगुणाबाई म्हणाली. “बऱ्याचशा.”

तिसऱ्या वळणाला गाडीनं दोन आचके दिले आणि बसली. मी उतरलो. फिल्टरचा बोल्ट सैल केला, तेल नाही. हातपंप दाबला तर खाली गेला तो वर येईना, जसं आतून कुणी धरून ठेवलंय. मी ओढतोय, तो येत नाही. तेवढ्यात मला काही तरी पॅन्टला लागल्यासारखं वाटलं. खाली बघतो तर एक चिंबोरी गाडीतून माझ्याबरोबरच उतरली होती, पॅन्टला धरून. मी उडी मारली, डोकं बॉनेटला आपटलं, पाना खाली दरीत गेला.

“बघा!” नथू ओरडला. “नारळ न फोडता हात लावला ना!”

“तुमच्या देवानं चिंबोरी पाठवली होय रे?”

“मग कोनाला पाठवणार? त्याला हात न्हाईत.”

चांगुणाबाई हसत हसत चिंबोरी सोडवत होती. दोघं मिळून माझा पाय आणि चिंबोरी वेगळी करेपर्यंत महादू नारळ फोडून मोकळा झाला होता. मी पुन्हा हातपंप दाबला. लोण्यासारखा चालला. हवा काढली, चावी मारली, गाडी चालू.

मी म्हटलं, हातपंपाची झडप चिकटते. नवीन टाकतो. नथू म्हणाला, टाका. पण नारळ कुठला आणू ते सांगा, पाणीवाला की सुका.

नवीन हातपंप टाकला, नवीन फिल्टर टाकला. गाडी तिसऱ्या वळणाला बंद.

सगळ्या नळ्यांचे वायसर बदलले, जोड घट्ट केले. गाडी तिसऱ्या वळणाला बंद. आणि गंमत म्हणजे गॅरेजमध्ये दोन-दोन तास चालू ठेवली तरी काही नाही. पनवेलहून रिकामी येताना काही नाही. फक्त जाताना, भरलेली, चढावर.

तोवर महादूनं टपरीत नारळांची रास लावली होती. दगडाला त्यानं ‘वळणोबा’ नाव देऊन टाकलं होतं आणि खाली फरशीचा एक तुकडा बसवला होता. पनवेलकडे जाणारे इतर टेम्पोवालेही, आपली गाडी बंद पडू नये म्हणून, आधीच नारळ फोडायला लागले. त्यांच्या गाड्या बंद पडत नव्हत्या. म्हणजे गुण येतच होता.

एकदा आम्ही उभे असताना मुंबईची एक चकचकीत गाडी थांबली. आतला तरुण उतरून म्हणाला, “काका, मोबाईल जोडून स्कॅन करू का? कुठला सेन्सर गेलाय ते लगेच दिसेल.”

मी म्हटलं, “या गाडीत सेन्सर एकच आहे, नथूचं नाक.”

नथूनं हुंगून दाखवलं. “डिझेल न्हाय येत,” तो म्हणाला. तरुण विचारात पडला. जाताना त्यानं महादूकडून नारळ घेतला आणि फोडला. त्याची गाडी नवीन होती, विम्याची होती, तरी फोडला.

त्या दिवशी महादू सगळ्यांसमोर मला म्हणाला, “मिस्त्री, फोडा तुम्ही पण एक. कमीपणा न्हाय त्यात.”

कमीपणा म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. चार टेम्पोवाले उभे होते, दोन कोळणी होत्या, नुकताच नारळ फोडलेला तो मुंबईचा तरुणही होता. मी म्हटलं, “ऐका सगळे. पाडव्यापर्यंत या गाडीचं तेल कुठं अडतं ते मी शोधून काढीन. नाही सापडलं तर पाडव्याला या दगडापुढं नारळ फोडीन आणि गॅरेजची पाटी माझ्या हातानं उतरवीन.”

“पाटी कशाला?” चांगुणाबाई म्हणाली. “नुसता नारळ बास.”

“पाटीवर खात्रीनं लिहिलंय.”

घरी येऊन मंडळीला सांगितलं. ती म्हणाली, “पाटी उतरवून काय करणार तुम्ही? घरात बसणार? दिवसभर?” तिचा चेहरा बघून मला कळलं की पैज एकट्या माझ्यावरच लागलेली नाही.

पाडव्याला आठ दिवस होते. मी नोझल काढले, मोठा पंप उतरवला. तो एसटीत मांडीवर घेऊन पनवेलच्या पंप टेस्टिंगवाल्याकडे गेलो. त्यानं मशीनवर लावला, बघितला आणि म्हणाला, “मिस्त्री, याला काहीच झालेलं नाही.” मी म्हटलं, नीट बघ. त्यानं नीट बघितला. म्हणाला, “आता नीट बघून सांगतो, काही झालेलं नाही.” चारही नोझल तपासले. एकदम शहाणे.

पंप चढवला, टायमिंग मिळवलं. गाडी तिसऱ्या वळणाला बंद.

आता या धंद्यातला कुणी हे वाचत असेल तर तो केव्हापासून ओरडत असेल, की अहो, टाकी! टाकी बघा! बरोबर आहे. कुठल्याही मिस्त्रीनं दुसऱ्याच दिवशी पाच लिटरचा कॅन केबिनमध्ये टांगला असता, त्यातून नळी थेट पंपाला दिली असती आणि गाडी खिंडीवर नेली असती. न थांबता चढली, की दोष टाकीत. पाच मिनिटांचं काम. ते मी केलं नाही. कारण शिमग्याच्या तोंडावर ती टाकी मीच उतरवली होती. तळाला गंजून भोक पडलं होतं, ते कथिलाचा डाग मारून बंद केलं होतं, आतून तीन पाण्यांनी धुतली होती, उन्हात वाळवली होती. माझ्या हातची टाकी. ती तपासायची म्हणजे मी मलाच विचारायचं, काय रे, नीट काम केलंस का? असला प्रश्न मी कुणाकडून ऐकून घेतलेला नव्हता, मग स्वतःकडून कशाला ऐकून घेऊ?

पाडव्याच्या आदल्या दिवशी पुन्हा त्यांच्याबरोबर निघालो. या वेळी टोपलीवर मी स्वतः दोरी बांधली. तिसरं वळण आलं, दोन आचके, गाडी उभी. नथू नारळ घेऊन दगडाकडे गेला. मी रस्त्याच्या कडेच्या दगडी कठड्यावर बसलो. मला बॉनेट उघडायचीही इच्छा होईना. मागं बर्फ वितळून टपटप गळत होता आणि महादू लांबूनच माझ्याकडे असं बघत होता, जसं उद्याच्या नारळाचं गिऱ्हाईक पक्कं झालंय.

चांगुणाबाईनं महादूकडून शहाळं आणलं, माझ्या हातात दिलं. “प्या. डोकं थंड करा. पाटी काय, मी परत लावायला सांगेन कोनाला तरी.”

मी नळी तोंडात धरली, ओढलं. दोन घोट आले आणि बंद. आतला मलईचा तुकडा नळीच्या तोंडाला बसला असणार. मी जोरात ओढलं. गाल आत गेले, डोळे बाहेर आले, थेंब नाही. दम सोडला, क्षणभर थांबलो, आणि पुन्हा ओढलं तर पाणी सुरळीत आलं. दोन घोट, पुन्हा बंद.

पुन्हा करून बघितलं. जोरात ओढलं की बंद. सोडलं की मोकळं.

“मिस्त्रींना काय झालं?” नथू खोबरं वाटत येत होता.

“शहाळं लागलंय वाटतं,” चांगुणाबाई म्हणाली.

मला काय झालं होतं ते मी आता सांगतो. टाकीत काही तरी मऊ पडलेलं होतं. सपाट रस्त्यावर इंजिन हळूहळू तेल ओढतं, ते आपलं तळाला पडून राहतं. भरलेली गाडी चढाला लागली, नथूनं पाय दाबला, की पंप जोरात ओढतो, आणि ते जाऊन नळीच्या तोंडावर बसतं. गाडी बंद. ओढ थांबली की दहा मिनिटांत सुटून खाली जातं. नारळ आणून, सोलून, धुऊन, फोडून, वाटेपर्यंत दहा मिनिटंच लागतात. वळणोबाचा चमत्कार तेवढा होता.

मला हे कळलं आणि त्याच दमात हेही कळलं की टाकी कुणी धुतली होती. मी शहाळं संपवलं आणि हवा काढायला उठलो.

मासळी पनवेलला उतरवून गाडी दुपारी थेट गॅरेजवर घेतली. नथूला जेवायला पिटाळला. चांगुणाबाई मात्र हलेना. “मी बघनार,” म्हणाली आणि टायरवर बसली. मी टाकी उतरवली, वरचं पाच बोल्टांचं झाकण काढलं आणि आत हात घातला. तळाशी बोटांना काही तरी बुळबुळीत लागलं. पकडलं तर निसटलं. पुन्हा पकडलं. मासळीची गाडी ती, मला एक क्षण खरोखर वाटलं की बोंबील आहे.

ओढून बाहेर काढलं. फडकं होतं. हातभर लांब, डिझेलनं काळपट झालेलं. टाकी उन्हात वाळत ठेवली तेव्हा आत रेती उडू नये म्हणून मीच तोंडात कोंबलेलं. मग जेवायला गेलो असणार, आलो असणार, आणि झाकण बसवताना ते आत ढकललं असणार. चाळीस वर्षं मी प्रत्येकाला सांगत आलो, टाकीच्या तोंडात कापड घालाल तर त्याचं एक टोक बाहेर बांधून ठेवा.

मी ते पटकन खिशात घालायला गेलो. पण माणूस मासळीवालीपुढं काही लपवू शकत नाही. तिनं माझा हात धरला, फडकं पिळलं, उलगडलं. आत अजून थोडा पोपटी रंग शिल्लक होता, त्यावर पांढरे ठिपके आणि एका बाजूला लाल काठ.

“मिस्त्री,” ती फार हळू म्हणाली, आणि ती हळू बोलली की बंदरावरची कुत्रीसुद्धा उठून जातात. “ही माझ्या पोरीच्या लग्नात मी वहिनींना दिलेली साडी हाय.”

तेवढ्यात आमची मंडळी चहा घेऊन आली. तिनं फडकं बघितलं, चांगुणाबाईचं तोंड बघितलं आणि चहाचा ट्रे माझ्या डोक्यावरून पुढं करत म्हणाली, “मी नाही हो! मी जपून ठेवली होती. यांनीच ट्रंकेतून काढून फाडली, फडकी नाहीत म्हणून!”

“नवी कोरी साडी!” चांगुणाबाई.

“एकदाच नेसले होते!” मंडळी.

“आहेराची!”

“मी तेव्हाच म्हटलं, त्यांना कळलं तर काय म्हणतील!”

पुढची दहा मिनिटं गाडी, पंधरा दिवस बंद पडणं, नासलेली मासळी, वळणोबा, काही म्हणजे काही बोलणं झालं नाही. फक्त साडी. मी टाकी धुवत राहिलो. यावेळी चार पाण्यांनी.

दोघींचं थोडं शांत झाल्यावर मी चांगुणाबाईला म्हटलं, “दोष सापडला. पाटी राहिली. उद्या खिंडीत मी सगळ्यांना सांगतो, नारळाचा काही संबंध नव्हता.”

“आनि चिंधीचं सांगनार?”

कचरा होता म्हणून सांगायचं मी मनात ठरवलं होतं.

ती म्हणाली, “मिस्त्री, नीट ऐका. ज्या दिवशी नथूनं तो दगड चाकाखाली घातला ना, त्या दिवशी त्यानं देवाला सांगितलं, गाडी चालू कर, मी दारू सोडतो. गाडी चालू झाली. शिमग्यापास्नं त्यानं थेंब घेतला न्हाय. बायको माझ्याकडं येऊन रडली, म्हनाली तीस वर्षांत पहिल्यांदा घरात संध्याकाळी भांडन न्हाय. आता तुमी त्याला सांगनार, देव न्हाय, मिस्त्रीच्या बायकोची साडी होती?”

“माझी नव्हे, तुम्ही दिलेली,” मंडळी म्हणाली.

“मग मी काय करू?” मी म्हटलं. “नारळ फोडू? माझं नाव जाईल.”

“तुमचं नाव चिंधीनं जाईल का नारळानं जाईल ते तुमी ठरवा. मी गप बसेन. पन उद्या नारळ फोडायचा. सगळ्यांसमोर.”

त्या रात्री मी गुढीसाठी काठी तासत बसलो आणि विचार केला. फडक्यानं हरलो म्हणजे मी हलगर्जी मिस्त्री. देवापुढं हरलो तर माझ्याइतकेच मोठे मोठे लोक हरलेले आहेत. हिशेब सोपा होता, पण घशाखाली उतरत नव्हता. मी आयुष्यात कुणापुढं ‘माझं चुकलं’ म्हटलेलं नव्हतं, आणि आता जिथं खरोखर चुकलं होतं तिथं ते म्हणायचं नव्हतं, आणि जिथं चुकलं नव्हतं तिथं म्हणायचं होतं.

पाडव्याला खिंडीत गर्दी होती. महादूनं दगडाला हार घातला होता, उदबत्त्या लावल्या होत्या. गाडी तिसऱ्या वळणाला आली आणि बंद पडली नाही. नथूनं मुद्दाम ब्रेक मारून थांबवली. मी उतरलो. नारळ हातात घेतला. एका फटक्यात फुटला नाही. दुसऱ्याही नाही. लोक बघत होते. तिसऱ्याला फुटला तेव्हा नथू रडत होता आणि मला मिठी मारून म्हणाला, “मिस्त्री, आता गाडी कधीच बंद पडायची न्हाय.”

मी म्हटलं, “नाही पडणार.” माझ्या तोंडून निघालेलं तेवढंच एक वाक्य त्या दिवशी पूर्ण खरं होतं.

पाटी तशीच राहिली. नारळ फोडल्यावर पाटीही उतरवायचं बोललो होतो, पण लोकांना वाटलं मिस्त्री शरण आला, तेवढं पुरे. मला कुणी विचारलं नाही आणि मी आठवण करून दिली नाही. पुढची सहा वर्षं गिऱ्हाईकं येत राहिली. काही गिऱ्हाईकं मात्र गाडी दाखवायच्या आधी विचारायची, “मिस्त्री, तुमच्याकडे काम करू, का वळणोबाकडे जाऊ?” मी दातओठ खाऊन सांगायचो, आधी माझ्याकडे.

वळणोबाला आता पत्र्याची शेड आहे, घंटा आहे. चांगुणाबाईची ती पिकअप दोन वर्षांपूर्वी भंगारात गेली, पण शेवटच्या दिवसापर्यंत खिंडीत थांबली नाही. आता नवीन गाडी आहे, तिला खरोखर सेन्सर आहेत. चालवतो नथूच. आठ वर्षांत त्यानं थेंब घेतलेला नाही.

या अंकात लिहा म्हणून गावच्या मंडळाची पोरं आली तेव्हा मी आधी चांगुणाबाईकडे गेलो. म्हटलं, मला हे लिहायचंय. मरायच्या आधी त्या टाकीचं सांगून टाकायचंय. ती बराच वेळ सुकटं निवडत राहिली. मग म्हणाली, “आधी नथूला सांगा. तोंडानं. छापलेलं वाचून कळलं तर त्याला वाईट वाटेल.” आणि मग, “सांगताना मी बाजूला बसते.”

मागच्या महिन्यात खिंडीत गाडी थांबवून त्याला सांगितलं. सगळं. टाकी, ऊन, रेती, फडकं, झाकण, शहाळं, पोपटी साडी. चांगुणाबाई बाजूला बसून त्याच्या तोंडाकडे बघत होती. मी स्टिअरिंगकडे बघून बोलत होतो.

नथूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मिस्त्री, आजवर तुम्ही टाक्या किती धुतल्या असतील?”

“मोजल्या नाहीत. शेकड्यांनी.”

“त्यात फडकं कितीदा ऱ्हायलं?”

“एकदाच. शप्पथ सांगतो. त्याच्या आधी नाही आणि नंतर नाही.”

“मग त्या शेकड्यात माझीच टाकी कशी सापडली?” नथू म्हणाला. “तुमच्यासारख्या माणसाच्या हातून असली चूक आपोआप होईल व्हय?”

पंपाबद्दल विचारलं असतं तर सांगितलं असतं. नोझलबद्दल विचारलं असतं तर कागदावर चित्र काढून दाखवलं असतं. त्यानं मला चांगला मिस्त्री म्हटलं होतं आणि त्याच वाक्यात माझी चूक देवाच्या नावावर टाकली होती. मी चांगुणाबाईकडे बघितलं. ती पदर तोंडाला लावून समुद्राच्या दिशेला बघत होती आणि हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

“चला,” नथूनं चावी फिरवली, “बर्फ वितळतोय.”